घरची मासळी

शैलेंद्र पाटील पहिलं खोटं बोलला ते तोंड न उघडता.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत नुकताच राहायला आला होता, मराठी मंडळाची कोजागिरी होती, आणि पद्मजाकाकूंनी मसाला दुधाचा पेला हातात देता देता विचारलं, “कुठले तुम्ही पाटील?”

“रेवदंड्याचे.”

“अगं बाई! म्हणजे नारळ-सुपारीची वाडी असेल मोठी!”

शैलेंद्र नुसता हसला. झालं! त्या एका हसण्यावर अख्खी वाडी उभी राहिली. पुढच्या वर्षी वाडीत विहीर आली, तिच्यावर रहाट आला, आणि हे सगळं लोकांनीच आणलं बरं का, हा आपला हसतच होता. वाडी कसली न् काय! समुद्राला लागून दोन खोल्या, पुढ्यात जाळी वाळत घातलेली, बाप होडीवर आणि आई डोक्यावर पाटी घेऊन बाजारात.

दुसरं खोटं मात्र तोंडाने बोलला. मंडळाच्या कुणीतरी बॉस्टनहून पापलेटं आणली होती. काकू म्हणाल्या, “पाटील, तुम्ही कोकणातले. जरा बघा ना, ताजी आहेत का?” शैलेंद्रचं बोट सवयीने माशाच्या कल्ल्याकडे गेलं. कल्ला उचलायचा, लाल आहे का बघायचं, हे त्याला चालायला यायच्या आधी यायला लागलं होतं. पण बोट मध्येच थांबलं. त्याला वाटलं, कल्ला उचलण्याची ही पद्धत बघूनच हे लोक ओळखतील. “आमच्याकडे मासे चालत नाहीत,” तो म्हणाला. “शुद्ध शाकाहारी.”

आता याला काय म्हणावं? मंडळात निम्मे लोक मासे खाणारे, काकू तर माशाचं नाव काढलं की उठून उभ्या राहणाऱ्या. मासे खाण्याची लाज तिथे कुणालाच नव्हती. लाज होती ती विकण्याची, आणि तीसुद्धा यालाच. कुणी याला काही बोललं नव्हतं, कुणी हिणवलं नव्हतं. शाळेत असताना कोण्या एकाने “पाटलाच्या दप्तराला वास येतो” म्हटलं होतं, तेवढ्यावर या माणसाने आयुष्य काढलं.

बायको नंदा नागपूरची. तिला माशाचा वास तसाही सोसत नसे, त्यामुळे घरात अडचण नव्हती. हाच बिचारा महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी लांबच्या टपरीवर जाऊन गाडीत बसून तळलेला मासा खायचा आणि च्युइंगगम चघळत घरी यायचा. नंदाला ठाऊक होतं. ती म्हणायची, “लोक दारू लपवतात, तू मासे लपवतोस. तुझं तू निस्तर बाबा.”

आणि मग, यंदाच्या जूनमध्ये, जगन्नाथ पाटील आले.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तोवर शैलेंद्रने दोघांना कधी बोलावलं नाही. कधी तिची तब्येत, कधी व्हिसा, कधी स्नो. कारणांना काय तोटा? पण आता चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा एकटा राहतोय म्हटल्यावर नंदानेच तिकीट काढलं. विमानतळावरून येताना गाडी चालवत शैलेंद्र म्हणाला, “बाबा, इथे लोक फार चौकशा करतात. आपण आपलं मोघम बोलायचं.”

“मोघम म्हणजे?”

“म्हणजे… जास्त सांगत नाही बसायचं.”

जगन्नाथांनी मान डोलावली. विचारलं काहीच नाही. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, वारा कुठून आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

चार दिवसांत त्यांना तळं सापडलं. घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. नात आन्या, बारा वर्षांची, त्यांना घेऊन गेली आणि मग रोजचंच झालं. तळ्यावर गोरे लोक गळ टाकून बसायचे. बास नावाचा मासा लागला की फोटो, आरडाओरडा, कौतुक. आणि कार्प लागला, चांगला हातभर लांबीचा, पिवळट सोनेरी, की शिवी हासडून काठावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकून द्यायचे. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा म्हातारा उठूनच उभा राहिला.

“अगं, जिवंत हाय तो!”

“इट्स ओके, आजोबा. दॅट्स अ ट्रॅश फिश.”

“ट्रॅश म्हणजे?”

आन्याने मराठी शब्द शोधला. “कचरा. नोबडी वॉन्ट्स इट. खूप बोन्स असतात.”

“मासा कधी कचरा असतो का गं?” जगन्नाथ म्हणाले. “बाजारात चालत नाय, एवढंच. पापलेट, सुरमई बाजाराची. जी कुणी घेत नाय, काट्याची, वाकडीतिकडी, ती घरची मासळी. तुझा बाप कशावर वाढला? पापलेटावर? नाय गं पोरी! पापलेट विकून त्याची फी भरली. तो वाढला घरच्या मासळीवर.”

हे आन्याने रात्री जेवताना जसंच्या तसं सांगितलं, अर्धं इंग्रजीत. शैलेंद्र म्हणाला, “ओके, ओके. हे बाहेर कुठे सांगत बसू नकोस.” जगन्नाथ ताटात बघून जेवत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ऐकलंच असणार.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची पिकनिक होती आणि ती नेमकी त्याच तळ्याच्या काठावरच्या पार्कात. नंदा आणि आन्या पोहण्याच्या स्पर्धेला गेलेल्या. शैलेंद्रने वडिलांना सांगितलं, “तुम्हाला तिथे कंटाळा येईल बाबा. घरीच आराम करा.” आणि गाडी काढून सटकला.

म्हातारा कुठला घरात बसतोय! तळ्याच्या पलीकडच्या काठाला त्याच दिवशी मासे पकडायची स्पर्धा होती. बास मोजून सोडायचे, कार्प पिंपात. जगन्नाथ चालत गेले, पिंपात वाकून बघितलं, आणि त्यांच्याच्याने राहवलं नाही. त्यांनी चार मोठाले कार्प काढले, एका पिशवीत भरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि साफ करायला पाण्याचा नळ शोधत निघाले. नळ होता मंडळाच्या टेबलांपासून वीस पावलांवर.

शैलेंद्र भेळ कालवत होता. वर बघतो तर काय, नळापाशी ओणवे बसलेले बाबा! खवले उडताहेत, हात रक्ताने माखलेले, बनियन भिजून पोटाला चिकटलेलं. आणि बाबांनी त्याला बघितलं, तोंडभर हसले, आणि सुरी धरलेला हात वर करून हलवला.

“अरे शैलेंद्र,” पद्मजाकाकू म्हणाल्या, “हे तुला हात करतायत का? कोण आहेत?”

एक क्षण होता. तेवढ्यात ‘बाबा’ म्हणता आलं असतं, दोन अक्षरं. पण चौदा वर्षांची वाडी, विहीर, रहाट, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे कोसळायला लागलं आणि तो घाबरला.

“ते… आमच्या वाडीवरचे. बाबांच्या वेळेपासून कामाला आहेत. अमेरिका बघायची होती त्यांना, म्हणून मीच आणलं.”

“काय सांगतोस!” काकूंचे डोळे भरून आले. “वाडीवरच्या गड्याला विमानाने अमेरिकेला आणलंस? ऐका रे, ऐकलंत का!” आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मंडळातला विनय पाठीवर थाप मारत म्हणाला, “यार, मानलं तुला!”

टाळ्या थांबल्या तेव्हा शैलेंद्रने मान वळवली. नळ बंद होता. जगन्नाथ पिशवी हातात घेऊन पाच पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

काकू पुढे झाल्या. “काका, आवडली का अमेरिका?”

जगन्नाथांनी पँट खाली सोडली, हात मागे पुसले. “लय आवडली बाई,” ते म्हणाले. “साहेबांची कृपा.” मग शैलेंद्रकडे वळून, मान थोडी खाली घालून, “साहेब, तुम्ही निघाल तेव्हा मला हाक मारा. मी गाडीपाशी थांबतो.”

साहेब. तुम्ही. शैलेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेला नाही. भेळ वाढली, दोघांशी हसून बोललासुद्धा.

निघताना जगन्नाथांनी गाडीचं मागचं दार उघडलं. “बाबा, पुढे बसा ना,” शैलेंद्र खालच्या आवाजात म्हणाला. “नको,” ते म्हणाले. “मंडळी बघतायत.”

घरी आल्यावर आपण बोलू, बाबा चिडतील, चार शिव्या देतील आणि मोकळं होईल, असं शैलेंद्रला वाटलं होतं. शिव्या खायला तो अगदी तयार होता. पण म्हाताऱ्याने शिवी दिली नाही. मासे फ्रीजरमध्ये ठेवले, आंघोळ केली आणि विचारलं, “तुम्ही चहा घेणार का?”

“बाबा, असं काय करताय! चुकलं माझं. मला ‘तू’ म्हणा ना.”

“नाय,” जगन्नाथ शांतपणे म्हणाले. “जिभेला सवय ठेवलेली बरी. उद्या कुणासमोर ‘शैल्या’ निसटलं तोंडातून, तर तुमची पंचाईत. आणि वाईट नका वाटून घेऊ. तुम्हाला शिकवलं ते बाजारात वरचा भाव लागावा म्हणूनच ना? मी अजून पाच आठवड्यांचा पाहुणा.”

यात टोमणा असता तर सोसला असता. टोमणा नव्हताच. माणूस खरंच पोराचं नाव जपत होता. मग नंदासमोर ‘तुम्ही’, आन्यासमोर ‘तुम्ही’, जिन्यावर भेटले तर बाजूला होऊन ‘या’. आन्याने आईला विचारलं, “व्हाय इज आजोबा बीइंग सो फॉर्मल?” नंदाने शैलेंद्रकडे बघितलं. त्याने तिला सगळं सांगितलं, न जेवता. ती म्हणाली, “शैलेंद्र, ते गेले की परत येणार नाहीत. या वयात कोण येतं? हेच शेवटचं ‘तुम्ही’ घेऊन बसशील जन्मभर.”

त्याला तेच तर खात होतं. आई गेली तेव्हा फोनवरचं तिचं शेवटचं वाक्य होतं, “शैल्या, जेवलास का?” आता बापाचं शेवटचं वाक्य काय राहणार होतं? साहेब, येतो?

जुलैत पद्मजाकाकूंचा फोन आला. गटारीचं जेवण त्यांच्या घरी. अमावास्या गुरुवारी होती, पण अमेरिकेत सण शनिवारीच येतात, म्हणून आधीच्या शनिवारी. “तुझ्या त्या काकांना घेऊन ये,” काकू म्हणाल्या. “कोकणातला माणूस, पापलेटं त्यांच्याच हातची तळून खाऊ. तुझ्यासाठी पनीर करते.”

शैलेंद्रने ठरवलं, तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर. नंदा म्हणाली, “नक्की?” तो म्हणाला, “नक्की.”

काकूंच्या मागच्या अंगणात पंचवीसेक माणसं. जगन्नाथ दुपारपासून तव्यापाशी. पापलेटं, सुरमईच्या तुकड्या, गावाहून आणलेला मसाला, आणि असा काही वास सुटला होता की नंदासुद्धा नाकाला पदर लावायचं विसरली. सगळ्यांची पानं वाढून झाली तेव्हा शैलेंद्र उठला.

“एक मिनिट. मला सांगायचंय. हे… हे माझे बाबा आहेत.”

आणि मग, काय सांगावं, टाळ्या! “वा! वा!” विनय ओरडला. काकूंनी डोळे टिपले. “बघा! गड्याला बाप मानतो पोरगा! याला म्हणतात संस्कार!”

“नाही हो, काकू, खरंच…”

“साहेब मोठ्या मनाचे,” जगन्नाथ तव्यापासून घाईने म्हणाले आणि हात जोडले. “तुम्ही जेवा सगळे, गार होतंय.”

खोटं बोलला तेव्हा टाळ्या, खरं बोलला तेव्हा त्याहून मोठ्या. शैलेंद्र उभाच राहिला, हातात पनीरची ताटली घेऊन. एवढी लाज त्याला पिकनिकच्या दिवशीही वाटली नव्हती.

जगन्नाथांनी गॅस बंद केला. आपली ताटली घेतली आणि डेकच्या पायरीवर, सगळ्यांपासून लांब, जाऊन बसले. बाजूला एक लहान पातेलं होतं. तळ्यावरचा एक म्हातारा गोरा हल्ली कार्प पिंपात न टाकता त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. त्यातलाच एक चिंच-मिठात मुरवून त्यांनी स्वतःपुरतं कालवण करून आणलं होतं. चांगलं होतं ते लोकांच्या पानात वाढून झालं होतं आणि स्वतःला हे. आयुष्यभराची सवय.

शैलेंद्र जाऊन पायरीवर बसला. पनीर खाली ठेवलं आणि पातेल्यात हात घातला.

“साहेब, ते नाय तुमच्यासाठी. काट्याचं हाय ते,” जगन्नाथ कुजबुजले.

“घरचं आहे ना?”

त्याने भात ओढला, माशाचा मोठा तुकडा त्यावर घेतला आणि घास तोंडात टाकला. तिकडे कुणीतरी म्हणालं, “अरे! पाटील मासा खातोय!” माना वळल्या. शैलेंद्र दुसरा घास घेत होता, तिसरा. लहानपणी जिभेने काटा बाजूला काढून गालात सरकवायचा आणि बोलता बोलता खायचं, हे त्याला झोपेत जमायचं. पण जिभेलाही सवय ठेवावी लागते. चौदा वर्षं गाडीत बसून बिनकाट्याचे तुकडे खाल्लेली जीभ ती. चौथ्या घासाला काटा घशात आडवा गेला.

त्याने खोकायचा प्रयत्न केला, खोकता येईना. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल. काकू “पाणी, पाणी” म्हणून ओरडल्या.

“पाणी नको!” जगन्नाथ ओरडले. त्यांची ताटली पायऱ्यांवरून खाली गेली. त्यांनी पोराची मान एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने कोरड्या भाताचा गोळा वळला आणि त्याच्या तोंडात कोंबला. “शैल्या! चावू नको! गिळ! तसाच गिळ! किती वेळा सांगितलं तुला, काट्याच्या माशाला घाई नाय करायची! तुझी आय असती तर बडवला असता तुला! गिळ!”

त्याने गिळला. आणखी एक गोळा. तोही गिळला. श्वास आला.

पद्मजाकाकू पाण्याचा ग्लास हातात धरून पायरीपाशी उभ्या होत्या. “काका,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही याचे कोण?”

जगन्नाथांचा हात पोराच्या मानेवरून खाली आला. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी काकूंना उत्तर दिलं नाही. त्यांनी शैलेंद्रकडे बघितलं, खालच्या पायरीवरून वर, विचारल्यासारखं: काय सांगू?

बापाने पोराला विचारायचं, मी तुझा कोण म्हणून सांगू! काटा घशात होता तेव्हा झालं नाही तेवढं शैलेंद्रला त्या नजरेने झालं.

“वडील,” तो म्हणाला. आवाज घोगरा, घसा सोलवटलेला. “सख्खे. वाडी नाही आमची, कधीच नव्हती. बाबा होडीवर होते, आई पाटी घेऊन मासे विकायची. त्या दिवशी मी खोटं बोललो. आणि त्यांनी ऐकलं.”

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. विनय खाली बघत होता. काकूंनी ग्लास पायरीवर ठेवला आणि त्या आत गेल्या. लाज वाटायची ती सगळी आता वाटत होती, चारचौघांत, आणि कुणी ती हलकी करणार नव्हतं. शैलेंद्रने मान वर केली नाही.

जगन्नाथांनी सांडलेला भात एका हाताने गोळा केला. मग तोच हात पँटला पुसला आणि पोराची हनुवटी धरली.

“आ कर,” ते म्हणाले.

सत्तेचाळीस वर्षांचा शैलेंद्र पाटील पंचवीस माणसांसमोर लहान पोरासारखं तोंड उघडून बसला. म्हाताऱ्याने त्याचं डोकं उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक करून आत बघितलं.

“गेलाय,” ते म्हणाले. “पण टोचत राहील तुला दोन-चार दिवस.”